व्हॉल्व्हच्या पुढचा दाब कितीही उतरवा, वायूचा प्रवाह वाढत का नाही?

कंट्रोल व्हॉल्व्हमधून वायू किती जाईल, हा प्रश्न कारखान्यात सतत निघतो. कॉम्प्रेस्ड एअरची लाइन असो, बॉयलरच्या बर्नरला जाणारा नैसर्गिक वायू असो की टाकीवर सोडायचा नायट्रोजन असो, पाण्याचं गणित पाठ असलेली माणसं इथे हमखास अडखळतात. व्हॉल्व्हच्या पुढचा दाब कमी केला की प्रवाह वाढतो, हे सुरुवातीला खरं ठरतं. मग एक टप्पा असा येतो की दाब आणखी उतरवला तरी फ्लोमीटरचा आकडा जागचा हलत नाही. मीटर बिघडलं का, स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी) तुंबला का, प्लग (व्हॉल्व्हची वाट उघडणारा-झाकणारा भाग) अडकला का, अशी शोधाशोध सुरू होते. कित्येकदा तिथे काहीही बिघडलेलं नसतं. अरुंद वाटेतून जाणारा कुठलाही वायू असाच वागतो, आणि हे वागणं आधीच मोजता येतं.

आधी पाणी समजून घेऊ

अर्धवट उघडा व्हॉल्व्ह म्हणजे पाइपातली एक चिंचोळी जागा. तिथून जाताना द्रवाचा वेग वाढतो आणि त्या वेगासाठी लागणारी ऊर्जा दाबातून येते. चिंचोळी जागा ओलांडल्यावर वेग परत कमी होतो, पण सगळा दाब परत मिळत नाही. बराचसा भोवऱ्यांत आणि घर्षणात खर्ची पडतो. व्हॉल्व्हच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब यांतला हा फरक म्हणजे दाबातली घट.

व्हॉल्व्हची क्षमता सांगायला केव्ही नावाचा आकडा वापरतात. व्हॉल्व्हवर बरोबर १ बार (साधारण वातावरणाच्या दाबाइतकी) घट असताना तासाला जितके घनमीटर पाणी जाईल, तो त्याचा केव्ही. अमेरिकी पद्धतीत सीव्ही असतो: १ पीएसआय (चौरस इंचावर एक पौंड) घटीला मिनिटाला किती अमेरिकी गॅलन पाणी, हे तो सांगतो. सीव्हीला ०.८६५ ने गुणलं की केव्ही मिळतो.

पाण्यासाठी पुढचं गणित सोपं आहे. प्रवाह घटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. घट चौपट केली तर प्रवाह दुप्पट, नऊपट केली तर तिप्पट. वर्गमूळ येतं, कारण वेग दुप्पट करायला ऊर्जा चौपट लागते. हा नियम द्रवांना बराच लांबपर्यंत लागू पडतो, आणि म्हणूनच तो वायूलाही लावायचा मोह होतो.

वायू वाटेतच फुगतो

पाण्यावरचा दाब ७ बारवरून ४ बारवर आला तरी त्याच्या घनतेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. हवेचं तसं नाही. दाब उतरला की हवा फुगते, विरळ होते, आणि तेवढीच किलो हवा पुढे न्यायला तिला जास्त वेगाने पळावं लागतं. म्हणजे दाबातला काही हिस्सा या फुगलेल्या हवेला आणखी पळवण्यातच जातो. घट जितकी मोठी, तितका हा तोटा मोठा.

व्हॉल्व्ह मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयईसी ६०५३४ च्या २-१ या भागात, याची दुरुस्ती एका गुणकाने केली आहे. त्याला प्रसरण गुणक म्हणू. घट अगदी लहान असेल तर तो १ च्या जवळ असतो, आणि घट वाढेल तसा सरळ रेषेत उतरत ०.६६७ पर्यंत येतो. त्याखाली तो जात नाही, आणि तिथून पुढे घट कितीही वाढली तरी सूत्रात त्या टप्प्याचीच घट धरायची. सूत्र असं आहे:

तासाला किलो = ३१.६ × केव्ही × प्रसरण गुणक × √(घट × आधीची घनता)

घट बारमध्ये, घनता व्हॉल्व्हच्या आधीच्या स्थितीतली, किलो प्रति घनमीटर. यातला ३१.६ कुठून आला हे तपासून बघता येतं. केव्ही १, घट १ बार, पाण्याची घनता १०००, प्रसरण गुणक १ असं भरलं की उत्तर तासाला १००० किलो, म्हणजेच १ घनमीटर पाणी येतं. केव्हीची व्याख्याच परत मिळाली.

आता प्रत्यक्ष आकडे घालू. केव्ही १० असलेला ग्लोब व्हॉल्व्ह (यात प्लग वरखाली होतो आणि वाट वळणावळणाची असते), आधी ७ बार निरपेक्ष दाबाची, २० अंश सेल्सिअसची हवा. (निरपेक्ष दाब म्हणजे निर्वात पोकळीपासून मोजलेला, त्याबद्दल पुढे.) या स्थितीत हवेची घनता ८.३२ किलो प्रति घनमीटर येते.

घट १ बार असेल तर प्रसरण गुणक ०.९३४ आणि प्रवाह तासाला ८५१ किलो. पाण्याच्या पद्धतीने गुणक सोडून दिला असता तर ९११ आले असते. चूक आहे, पण एक वेळ चालून जाईल.

घट ३ बार केली तर गुणक ०.८०२ आणि प्रवाह १२६६ किलो. पाण्याची पद्धत इथे १५७९ सांगते. आता चूक २५ टक्क्यांची झाली.

घट ५.०४ बार केली तर गुणक ०.६६७ वर टेकतो आणि प्रवाह १३६४ किलो होतो. ३ बारवरून ५ बारवर घट नेली, पण हाती फक्त ८ टक्के जास्त हवा आली.

आणि घट ६ बार, म्हणजे हवा जवळजवळ वातावरणातच सोडली तर? १३६४ किलोच. एक किलोही जास्त नाही. पाण्याची पद्धत मात्र २२३३ सांगत राहते, खऱ्यापेक्षा ६४ टक्के जास्त. त्या आकड्यावर विसंबून व्हॉल्व्ह मागवला तर तो गरजेपेक्षा लहान येणार आणि प्लांट कधीच ठरलेल्या क्षमतेवर चालणार नाही.

प्रवाह अडतो तो ध्वनीच्या वेगाशी

पुढचा दाब कमी झाला आहे, ही बातमी मागच्या वायूपर्यंत पोचते कशी? दाबातला कुठलाही बदल वायूतून ध्वनीच्या वेगाने पसरतो. २० अंशांच्या हवेत तो वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. पुढचा दाब उतरला की त्याची लहर प्रवाहाच्या उलट दिशेने मागे येते, चिंचोळ्या जागेतून पलीकडे जाते, आणि मागची हवा जास्त जोराने सुटते. पण चिंचोळ्या जागेतल्या हवेनेच ध्वनीचा वेग गाठला असेल तर? नदीच्या प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्याचा वेग आणि पाण्याचा वेग सारखाच झाला की तो कितीही हातपाय मारले तरी काठाच्या मानाने जागीच राहतो. दाबाच्या लहरीचं तेच होतं. ती त्या जागेच्या मागे जाऊच शकत नाही. मागच्या हवेला पुढे दीड बार आहे की १ बार की पोकळी, याचा पत्ताच लागत नाही, त्यामुळे ती आपल्या ठरलेल्या प्रमाणातच येत राहते.

या अवस्थेला प्रवाह चोक झाला असं म्हणतात. तुंबण्याशी त्याचा संबंध नाही. वायू पूर्ण जोरात वाहतो आहे, फक्त त्याची कमाल मर्यादा गाठली गेली आहे.

हे कोडं बरंच जुनं आहे. फ्रान्समध्ये बारे द सँ-व्हनाँ आणि पिएर वाँत्सेल यांनी १८३९ साली भोकातून बाहेर पडणाऱ्या वायूचं सूत्र मांडलं. त्या सूत्रात बाहेरचा दाब उतरवत नेला की प्रवाह आधी वाढायचा, एका ठिकाणी कमाल व्हायचा आणि नंतर चक्क कमी होत जायचा. बाहेर पूर्ण पोकळी असेल तर प्रवाह शून्य! पोकळीत हवा शिरणारच नाही, हे उघडच अशक्य. अडचण सूत्रात नव्हती, त्यात बाहेरचा दाब भरण्यात होती. चिंचोळ्या जागेतला दाब एका मर्यादेखाली उतरतच नाही, बाहेर काहीही असो. इंग्लंडमधले अभियंते ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली ध्वनीच्या वेगाच्या आधारे याचं स्पष्टीकरण दिलं. हवेसाठी ही मर्यादा आदर्श नोझलमध्ये (घर्षण नसलेल्या, निमुळत्या तोंडात) आधीच्या निरपेक्ष दाबाच्या ०.५२८ पट असते. ७ बारच्या हवेसाठी म्हणजे सुमारे ३.७ बार.

पण रॉकेटच्या नोझलमधून तर वायू ध्वनीपेक्षा वेगाने निघतो

हो, आणि त्याने वरची मर्यादा मोडत नाही. रॉकेटच्या नोझलमध्येही सगळ्यात अरुंद जागी वेग ध्वनीइतकाच असतो. तो त्यापुढे, नोझल रुंद होत गेल्यावर वाढतो. व्हॉल्व्हमध्येही चोक झाल्यावर चिंचोळ्या जागेच्या पुढे काही अंतर वेग ध्वनीच्या पलीकडे जातो आणि मग आघात-लहरींमध्ये अडखळून खाली येतो. सेकंदाला किती किलो जाणार हे मात्र अरुंद जागीच ठरून गेलेलं असतं.

केव्ही सारखा, तरी प्रवाह वेगळा

व्हॉल्व्ह निवडणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो या भागाला. वरच्या उदाहरणात ५.०४ बारवर मर्यादा आली, कारण मी त्या ग्लोब व्हॉल्व्हचा एक्सटी ०.७२ धरला होता. एक्सटी म्हणजे घट आणि आधीचा निरपेक्ष दाब यांचं असं गुणोत्तर, जिथे हवेचा प्रवाह चोक होतो. ७ चे ०.७२ म्हणजे ५.०४. हा आकडा निर्माता चाचणी करून देतो. ग्लोब व्हॉल्व्हमध्ये तो साधारण ०.७ च्या आसपास असतो, बटरफ्लायमध्ये (पाइपात फिरणारी चकती) त्याच्या निम्म्यावर येतो, आणि बॉल व्हॉल्व्हमध्ये (आरपार भोक असलेला फिरणारा गोळा) आणखी खाली जातो.

आता केव्ही तोच १० ठेवू, पण एक्सटी ०.२५ असलेला बॉल व्हॉल्व्ह बसवू. प्रवाह १.७५ बार घटीलाच चोक होतो आणि कमाल प्रवाह येतो तासाला ८०४ किलो. ग्लोबमधून १३६४ जात होते. केव्ही तंतोतंत सारखा असून मोठ्या घटीला ४१ टक्के कमी वायू.

कारण व्हॉल्व्हच्या आतल्या वाटेत आहे. बॉल व्हॉल्व्हची वाट गुळगुळीत. हवा सरळ पळते, अरुंद जागी दाब खूप खाली जातो, आणि पुढे वेग कमी होताना त्यातला बराचसा दाब परत मिळतो. पुढचं प्रेशर गेज ५.२५ बार दाखवत असतं तेव्हा आत, सगळ्यात अरुंद जागी, दाब त्याच्या कितीतरी खाली जाऊन वेग ध्वनीला टेकलेला असतो. गेजवरून कुणालाही वाटेल की अजून भरपूर वाव आहे. ग्लोब व्हॉल्व्हमध्ये हवेला वळणं घ्यावी लागतात, गेलेला दाब फारसा परत येत नाही, त्यामुळे आतली परिस्थिती आणि बाहेरचं गेज यांत एवढी तफावत राहत नाही.

केव्हीची चाचणी पाण्यावर होते, आणि पाण्याला या सगळ्याची पर्वा नसते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की केव्हीच्या शेजारी एक्सटी दिलेला नसेल तर तो कॅटलॉग वायूसाठी अपुरा समजावा आणि निर्मात्याकडून आकडा लेखी मागून घ्यावा. तोही व्हॉल्व्ह वेगवेगळ्या प्रमाणात उघडा असतानाचा मागावा, कारण व्हॉल्व्ह उघडत जातो तसा एक्सटी बदलतो.

वायू हवेऐवजी दुसरा असेल तर आणखी एक छोटी दुरुस्ती लागते. वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं (स्थिर दाबाला आणि स्थिर आकारमानाला) गुणोत्तर, ज्याला गॅमा म्हणतात, त्याला १.४ ने भागायचं आणि एक्सटीला त्याने गुणायचं. नैसर्गिक वायूचा गॅमा १.३ च्या आसपास असतो, त्यामुळे तोच ग्लोब व्हॉल्व्ह ०.७२ ऐवजी सुमारे ०.६७ ला चोक होतो.

कोणता दाब आणि कोणता घनमीटर?

गणित चुकण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे गेजवरचा दाब तसाच सूत्रात घालणं. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतं. गेजवर ६ बार असेल तर निरपेक्ष दाब सुमारे ७. चोक झालेला प्रवाह आधीच्या निरपेक्ष दाबाच्या थेट प्रमाणात असतो, म्हणून इथे १ बार विसरला की उत्तर १४ टक्के कमी येतं. गेजवर १ बारच असेल तर निम्मंच येतं. दाब जितका कमी, तितकी ही चूक महाग.

दुसरा घोळ घनमीटरचा. आपला १३६४ किलोचा प्रवाह व्हॉल्व्हच्या आधी तासाला १६४ घनमीटर असतो. तोच ० अंश आणि वातावरणीय दाबाच्या 'नॉर्मल' घनमीटरमध्ये सांगितला तर १०५५ होतो, १५ अंशांच्या 'स्टँडर्ड' घनमीटरमध्ये १११३. तिन्ही आकडे बरोबर आहेत. मागणी करणारा एक मोजमाप धरतो आणि पुरवठादार दुसरं, तेव्हा वाद होतात. किलोमध्ये बोललं की हा प्रश्नच उरत नाही.

तापमानाचा परिणाम त्या मानाने सौम्य आहे. हवा २० ऐवजी ४० अंशांची असेल तर प्रवाह सुमारे ३ टक्केच घटतो. दाब फार जास्त असेल, म्हणजे पाइपलाइनमधला ७० बारचा नैसर्गिक वायू वगैरे, तर घनता आदर्श वायूच्या नियमाने काढू नये. खरी घनता त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त भरू शकते.

'आमच्या व्हॉल्व्हवर २ बार ड्रॉप आहे' या वाक्यात काय राहून जातं

दाबातली घट व्हॉल्व्हच्या अंगची नसते. व्हॉल्व्ह, त्याच्या आधीचा पाइप, नंतरचा पाइप, फिल्टर, बर्नर, सगळे मिळून ती ठरवतात. व्हॉल्व्ह उघडत नेला की प्रवाह वाढतो. प्रवाह वाढला की आधीच्या पाइपात जास्त दाब खर्च होतो आणि व्हॉल्व्हपाशी पोचणारा दाब उतरतो. पुढच्या पाइपातही जास्त दाब लागतो म्हणून व्हॉल्व्हनंतरचा दाब चढतो. दोन्ही बाजूंनी व्हॉल्व्हच्या वाट्याची घट आवळत जाते. म्हणून गणित एकाच स्थितीला करून भागत नाही. कमीत कमी, नेहमीचा आणि जास्तीत जास्त, असे तिन्ही प्रवाह घेऊन प्रत्येक वेळी व्हॉल्व्हच्या लगतचे दोन्ही दाब काढावे लागतात.

वायू गेला, पण पुढच्या पाइपाचं काय?

केव्ही १० चा ग्लोब व्हॉल्व्ह बहुधा २५ मिलिमीटर आकाराचा असतो. पुढचा पाइपही २५ चाच ठेवला आणि त्यात दाब १ बार निरपेक्ष धरला तर १३६४ किलो हवेला सेकंदाला ६४९ मीटर वेग लागेल, ध्वनीच्या जवळजवळ दुप्पट. सरळ पाइपात हे होऊच शकत नाही. तिथे पाइपच चोक होईल आणि व्हॉल्व्हच्या पुढचा दाब आपण धरलेल्या १ बारवर कधी उतरणारच नाही. पाइप ५० चा केला तर वेग १६२ मीटर, म्हणजे प्रचंड आवाज. ८० चा केला तर ६३ मीटर. व्हॉल्व्हपेक्षा पुढचा पाइप दोन-तीन आकार मोठा दिसला की तो उगाच घातलेला नसतो.

आवाजाची एक गोष्ट कायम ध्यानात ठेवायला हवी. चोक झाल्यावर प्रवाह वाढत नाही, पण पुढचा दाब आणखी उतरवला की आवाज आणि कंपन वाढतच जातात. ती जास्तीची ऊर्जा कुठेतरी जाणारच. आवाजाचा अंदाज त्याच मानकमालेतल्या ८-३ या भागाने काढता येतो. उपाय म्हणजे अनेक बारीक छिद्रांचा किंवा टप्प्याटप्प्याने दाब उतरवणारा आतला भाग वापरणं.

आणि थंडावा. नैसर्गिक वायूचा दाब १ बार उतरला की तापमान साधारण अर्ध्या अंशाने खाली येतं. ५० बारची घट असेल तर २५ अंश. वायूत ओलावा असेल तर त्याचे बर्फासारखे खडे तयार होऊन व्हॉल्व्ह अडकू शकतो. म्हणून मोठ्या दाब-घट केंद्रांवर व्हॉल्व्हच्या आधी वायू तापवतात. हायड्रोजनचं उलट आहे, नेहमीच्या तापमानाला दाब उतरल्यावर तो किंचित तापतो.

मग सरळ मोठा व्हॉल्व्ह घ्यावा का?

गणितात एवढ्या शंका, तर दोन आकार मोठा घेऊन मोकळं व्हावं, हा विचार अगदी स्वाभाविक आहे. पण गरजेपेक्षा फार मोठा व्हॉल्व्ह कायम जवळजवळ बंद अवस्थेत चालतो. तिथे प्लग जरासा हलला तरी प्रवाह खूप बदलतो, कंट्रोलर त्याला परत ओढतो, आणि दाब वरखाली होत राहतो. प्लग बसण्याची जागा झिजते ती वेगळीच.

त्याहून मोठा प्रश्न सुरक्षेचा आहे. कंट्रोल व्हॉल्व्ह बिघडून पूर्ण उघडा अडकला तर पुढच्या लाइनवर किती वायू तुटून पडेल, हे त्याच्या केव्हीवर ठरतं. पुढे लावलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हला तो सगळा वायू बाहेर काढता आला पाहिजे. केव्ही दुप्पट घेतला की हा आकडाही दुप्पट. कंट्रोल व्हॉल्व्ह बदलताना कुणी मोठा घातला आणि सेफ्टी व्हॉल्व्हचं गणित परत केलं नाही, तर लाइन असुरक्षित झाली, मग रोजच्या कामात ती कितीही सुरळीत चालो.

चोक होण्याचा इथे एक मोठा फायदा मिळतो. सर्वांत वाईट प्रसंगाचं गणित सुटसुटीत होतं, कारण पुढचा दाब किती असेल याचा अंदाज बांधावाच लागत नाही. आधीचा निरपेक्ष दाब जास्तीत जास्त किती होऊ शकतो एवढंच बघायचं, आणि तो नेहमीचा न घेता कॉम्प्रेसरच्या स्वतःच्या सेफ्टी व्हॉल्व्हपर्यंतचा घ्यायचा. आपल्या उदाहरणात तो ७ ऐवजी १० बार होऊ शकत असेल आणि हवा २० अंशांचीच असेल, तर तोच ग्लोब व्हॉल्व्ह पूर्ण उघडा राहून तासाला १३६४ ऐवजी १९४९ किलो हवा सोडेल. सेफ्टी व्हॉल्व्ह निवडायचा तो १९४९ वर.